दोन वॉर्डांच्या मधल्या खोलीतून सुटका होण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : छातीच्या वॉर्डाने चालू केलेले औषध बंद करून मला घरी सोडण्याबाबत.
संदर्भ : माझे तोंडी गाऱ्हाणे, जे आपल्या शिपायाने मान हलवत ऐकून घेतले.

महोदय,

मी व्यवसायाने शिंपी. विषाणूचा ताप व खोकला झाल्याने छातीच्या वॉर्डात दाखल झालो. पुढे छातीत जंतू शिरू नयेत म्हणून तेथील मोठ्या डॉक्टरांनी आधीच अँटिबायोटिक चालू केले. जंतू छातीत आले नाहीत, पोटात आले. औषधाने पोटातले चांगले जंतू मेले व वाईटांना मोकळे रान मिळाले, असे पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी समजावले.

जुलाब लागताच छातीच्या वॉर्डाने मला बाहेर काढले. खोकला असल्याने पोटाच्या वॉर्डाने आत घेतले नाही. तेव्हापासून मी दोहोंमधल्या, पूर्वी चादरी ठेवत त्या खोलीत आहे. दोन्ही दारे बाहेरून बंद. संडास लागून आहे, तेवढी मेहरबानी. इकडच्या सिस्टर म्हणतात, "काका, तुम्ही पोटाचे." तिकडच्या म्हणतात, "छातीचे." जेवणाची गाडी दोन्ही दारांवरून परत फिरते.

डॉक्टरीणबाई औषध बंद करा म्हणतात. परंतु ज्याने चालू केले त्यानेच बंद करायचे, अशी येथील पद्धत आहे. ते डॉक्टर फक्त आपल्या वॉर्डातले रुग्ण पाहतात, आणि मी त्यांच्या वॉर्डात नाही. सबब सिस्टर हळहळतात आणि औषध देतात. कंबर इतकी उतरली आहे की पायजमा धरून चालावे लागते. पत्नी खिडकीखाली येऊन विचारते, "अहो, तुम्ही येताय, की मीच दाखल होऊ?"

काल येथे एक बस कंडक्टर आणले गेले. ते पोटासाठी दाखल झाले होते, तेथे त्यांना खोकला लागला. रुग्ण दोन झाल्याने ही खोली आता वॉर्ड ठरते, असे आपल्या कार्यालयाने कळवले. वॉर्डाला प्रमुख नेमेपर्यंत औषध बदलता येत नाही व कोणाला सोडताही येत नाही.

तरी छातीच्या डॉक्टरांनी निदान दाराच्या काचेतून मला पाहून औषध बंद करावे, असा हुकूम व्हावा. पाटी रंगवणारा शिडी घेऊन आला आहे. वॉर्डाचे नाव काय घालू, असे तो आम्हालाच विचारतो. पाटी पुरी झाली की ही खोली कायमची वॉर्ड होईल, म्हणून कंडक्टर त्याला गप्पांत अडकवून ठेवत आहेत, पण खोकला आला की त्यांचे बोलणे तुटते, आणि तेवढ्यात तो एक अक्षर रंगवून घेतो.

आपल्या सहीकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
शिंपी, मधली खोली
दिनांक : आजचाच

सोबत : दोन्ही वॉर्डांची औषधपत्रे (एकमेकांशी जुळत नाहीत).