फ्लानचा शेवटचा तुकडा

अमिहान,

ग्विमारास बेटाच्या पहिल्या बोटीवर चाललोय. उठलीस की आधी गणिताची वही उघड, मग मला काय बोलायचं ते बोल.

काल तुझ्या त्या औषधाच्या गणितावरून मी घर डोक्यावर घेतलं. ऐंशी मिलिग्रॅम औषध, दर सहा तासांनी निम्मं होतं, तर एका दिवसानंतर किती उरेल? तू पाच लिहिलंस. मी म्हटलं, "अगं, दिवसभरात संपत नाही होय? शून्य!" आणि पेनाने भलीमोठी काट मारली. तू न जेवता झोपलीस, आणि तुझी आई माझ्याशी बोलेना.

आत्ता फ्रिज उघडला. रविवारी आजीच्या वाढदिवसाला आईने वाफवलेला दुधाअंड्यांचा गोड लेचे फ्लान आज गुरुवारीही आहेच! शेवटचा तुकडा उचलायची सगळ्यांना लाज, शिवाय जो संपवेल त्याने ताटली घासायची. म्हणून जो येतो तो आहे त्यातला निम्मा कापून नेतो. तुझी आई, आजी, धाकटा रामिल, सगळे. मीसुद्धा, आत्ताच. नखाएवढा उरलाय, पण शून्य काही झालेला नाही.

तुझं उत्तर बरोबर आहे. तुझ्या बाईंसाठी वहीत त्याखाली लिहून सही केलीय, "ही काट बापाची. मुलीचे मार्क कापू नयेत."

आता तो तुकडा तू खा. निम्मा नको, सगळा. ताटली तशीच ठेव, संध्याकाळी मी घासतो.

तुझा तातय