पंचबाईची बॅग

६ जानेवारी, सोमवार

हो, पँटच! काळी. वर पांढरा शर्ट. खो-खोची पंच काय साडी नेसून मैदानात पळणार? हसायचं तर हास.

टावर चौकातल्या टेलरकडे माप द्यायला गेले. म्हणाला, "किसके लिए, बहनजी? बिटिया के लिए?" म्हटलं, "नहीं भैया, मेरे लिए. शादी है मेरी." बिचाऱ्याच्या हातातला टेपच पडला!

घरी येईपर्यंत एकटीच हसत होते. कुलूप उघडलं आणि हसू संपलं. मुक्ता कॉलेजात. आता सांगू कुणाला? सुधाकर असते तर आधी रागावले असते, मग तोंड फिरवून हसले असते. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. गमती मला अजून सुचतात, याचाच राग येतो.

७ जानेवारी

बॅग भरली. मुक्ताची जुनी शाळेचीच, वर मांजराचं चित्र. दोन शिट्ट्या, घड्याळ, पिवळं कार्ड, लाल कार्ड, टॉसला नाणं.

"आई, यात लसणाची चटणी कशाला?"

"जी टीम भांडेल तिला चाटवायला."

तिनं सगळं बाहेर काढून परत नीट भरलं. पंचांच्या परीक्षेला हिनंच ढकललं मला. "गावच्या शाळेत तू खो-खो खेळायचीस ना, मग?" खेळायचे गं. तेव्हा माझ्यात जीव होता.

८ जानेवारी

पडून राहिले. अंघोळसुद्धा नाही.

९ जानेवारी

माधव नगरातली गौरी येऊन गेली. संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, मुक्ताला पाठवा म्हणाली. दारातच उभी. माझ्या कपाळाकडे नजर जाऊ नये म्हणून चपलांकडे बघत बोलत होती. म्हटलं, "अगं, मला नको बोलावूस, पण तिळगूळ तरी पाठव. माझ्या दातांनी काय पाप केलंय?" कसनुसं हसली.

ती गेली, दार लावलं आणि तिथंच खाली बसले. उठवेना. मेले ते — पुसून टाकलं मला!

मैदानात तसं नसणार. तिथं पंच म्हणजे पंच. नवरा आहे का मेला, कुणाला काय करायचंय? तेवढ्यासाठीच जायचंय रविवारच्या मॅचला. दुसरं काही उरलंच नाही.

१० जानेवारी

तात्या आले होते. जुने पंच, मला सगळं त्यांनीच शिकवलं. "वहिनी, शिट्टी पोटातून मारा." मारली. फुस्स! परत फुस्स. "पंक्चर आहे वाटतं," म्हणाले. खूप हसलो.

दोन वर्षांत मोठ्यानं बोललेच नाहीये मी. हवा येणार कुठून!

१२ जानेवारी, रविवार

मॅच झाली.

एक टीम बाहेरची, एक ज्या शाळेत मॅच होती तिथली. तिथल्या खेळाच्या टीचर निहारिका मॅडम. सुरू व्हायच्या आधी आम्हाला रांगेत उभं केलं आणि त्या टिळ्याचं ताट घेऊन आल्या. तात्यांना लावला. घड्याळवाल्याला लावला. माझ्यापाशी ताट थांबलं. हळूच म्हणाल्या, "दीदी, आपको... रहने देते हैं ना?"

म्हटलं, "सीटी को लगा दो, वो तो सुहागन है." सगळे हसले. मीही हसले. कान तापले होते. पँट घालून, एवढ्या पोरींसमोर, इथंही मी तीच बाई!

शेवटचं मिनिट, दोन्ही टीमचे पॉइंट सारखे. मॅडमच्या टीमची कॅप्टन पळत होती. काय पोरगी! मासळीसारखी निसटायची. हात लागला की आऊट. मैदानाचा तो अर्धा भाग माझ्याकडे, तात्यांना तिकडून दिसत नव्हतं. मागच्या पोरीनं झेप घेतली. मी शिट्टी मारली. पोटातून! आऊट दिली तिला.

एका पॉइंटनं हरल्या. ती पोरगी रडत आली, "मैम, टच नहीं हुआ था. कसम से." मी बोलायच्या आधी निहारिका मॅडमच तिला म्हणाल्या, "मैम ने देखा है ना? बस. चलो, पैर छुओ."

वाकली ती. पडली माझ्या पाया.

१३ जानेवारी

तात्यांचा फोन. "काय शिट्टी मारलीत वहिनी! पुढच्या रविवारी देवासला चला." मुक्ता घरभर नाचली. शर्ट धुतला, इस्त्री केला, बॅगही तिनंच भरून ठेवली. मी हात लावला नाही. जेवण जात नाहीये. तिला सांगितलं, ॲसिडिटी.

१४ जानेवारी

हात लागला नव्हता. वीतभर अंतर होतं, मला स्वच्छ दिसलं. ती पोरगी त्या मॅडमची होती, म्हणून मारली शिट्टी.