सीटमागचे बूट

धावपट्टीवरची खोली,
१० ऑक्टोबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. चिमणीचा दात पडल्याचे वाचून हसू आले. आता तिला 'श' म्हणता येत नसेल, तरी बोलायचे थांबली नसेलच.

माझ्याकडेही एक बातमी आहे. वैमानिकाच्या लेखी परीक्षेत तिसऱ्या खेपेला पास झालो. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाला वाऱ्याची गणिते सुटली यावर आमच्या धावपट्टीच्या मास्तरांचा विश्वास बसेना. त्यांनी निकालाचा कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहिला. पहिला बर्फ पडला की डोंगरापलीकडच्या टपालाची फेरी मला मिळणार. दादाचीच फेरी आणि दादाचेच विमान. इंजिन तेवढे नवे बसवले आहे.

तर थंडीत पायात काय घालावे हा प्रश्न आहे, आणि तुम्ही दिवसभर चपलाबुटांच्या दुकानात शिवणमशीनवर बसता, म्हणून तुम्हालाच विचारतो. विमानातला हीटर गुडघे भाजतो आणि पाय तसेच ठेवतो. पायाखाली नुसता पातळ पत्रा आहे. जाड बूट घातले तर पेडल कळत नाही. पेडलची खालची बाजू रेटली की शेपूट वळते, वरच्या कडेवर चवडा पडला की ब्रेक लागतो. रुंद बूट दोन्ही एकदम दाबतो आणि जमिनीवर टेकताना विमान गिरकी घेते. पातळ बूट घातले तर बोटे बधिर होतात आणि पेडल तरीही कळत नाही.

तीन जोड पाहून ठेवले आहेत. एक रबरी, आत लोकरीचे अस्तर, ऊब भरपूर, पण तळवा बारा सेंटिमीटर रुंद. दुसरा मेंढीच्या कातड्याचा, हलका, पण घोट्याशी सैल. तिसरा चामड्याचा, लेसचा, पातळ तळव्याचा. सोबत दोन्ही पाय कागदावर रेखून पाठवत आहे, एकदा अनवाणी आणि एकदा मोजे घालून.

बाकी ठीक. हँगरमध्ये हीटरपुढची फरशी रोज सकाळी ओली असते. छप्पर गळत असावे. बघतो.

लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नये.

तुमचा
धाकटा


दुकान,
१७ ऑक्टोबर

चि. फूटपट्टीस,
अ. आ.

पास झालास! तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. मालक म्हणाले की जो मुलगा पायाचं इतकं बारीक चित्र पाठवतो, तो मनातलंही सगळं लिहीत असेल. मी म्हटलं, तेवढंच लिहीत नाही.

आता बुटांचं. रबरी बूट विसर. त्यात घाम कोंडतो, आणि ओला पाय सगळ्यात आधी गारठतो. मेंढीचे बूट म्हाताऱ्यांनी घरात घालायचे. चामड्याचे घे, पण अर्धा नंबर मोठे. आत एक पातळ मोजा आणि त्यावर एक लोकरीचा, बस्स. थंडी वाजते म्हणून तीन-तीन मोजे कोंबलेस तर पाय आवळला जाईल आणि आणखी गार पडेल. बूट चढवून आत बोटं हलतात का ते बघ. हलली तर बरोबर.

हे झालं पेडलचं. पण विमान कुठे भलतीकडे उतरवावं लागलं तर बर्फातून चालायला काय? त्याला वेगळा जोड हवा. तुझ्या दादाची पद्धत तुला माहीतच आहे. पायात पातळ बूट, आणि जाड बूट सीटमागच्या कड्याला दोरीने बांधलेले. नेमका एकदाच विसरला. हातात कप धरून घरभर कप शोधणारा माणूस तो, त्याला काय म्हणायचं? दोन वर्षं झाली तरी राग येतो. समोर भांडायला नाही म्हणून जास्तच येतो.

ते बूट माझ्याकडे पलंगाखाली आहेत. चिमणी त्यात पाय घालून घरभर चालते, ठक्क ठक्क. मी हातातलं काम सोडून मान वर करत नाही. वर केली तर ती एवढीशीच दिसते, आणि ते नको वाटतं.

तू काढलेल्या रेघांवर ते बूट ठेवून पाहिले. तुम्हा दोघांचा नंबर आता एकच आहे. पाठवू का?

चिमणीचा पापा. लोभ काय, तू न मागता आहे.

तुझी
वहिनी


धावपट्टीवरची खोली,
२६ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चामड्याचे घेतले, अर्धा नंबर मोठे. मग विमान हँगरमध्येच उभे ठेवून परीक्षा केली. मास्तरांनी माझे डोळे बांधले आणि ते डावे, उजवे, ब्रेक असे ओरडत राहिले. चामड्याच्या बुटांत चाळीसपैकी अडतीस बरोबर आले. रबरी घालून एकोणतीस. मास्तर म्हणाले की इतकी वर्षे लोकांना विमान शिकवतो, पण बूट घेण्याआधी त्यांची परीक्षा घेणारा हा पहिलाच.

दादाचे बूट पाठवण्याची तसदी घेऊ नये. एक तर पार्सल फार जड होईल. चिमणीला त्यांची सवय झाली आहे. इतक्या दिवसांत कातडे कडक झाले असणार. शिवाय त्यांचा तळवा पेडलला फार रुंद पडेल.

फरशीचे मात्र उलगडत नाही. शिडी लावून छप्पर पाहिले, पत्रा अखंड आहे. ओल सगळीकडे पसरलेली नसते. शेजारी शेजारी दोनच डाग असतात, चवड्याकडे रुंद, टाचेकडे अरुंद, आणि पुढचे टोक हीटरकडे. मोजले. लांबी एकतीस सेंटिमीटर, रुंदी बारा. मास्तरांना दाखवले तर ते म्हणाले की तुझेच बूट असतील. माझे बूट त्यावर ठेवून पाहिले, सगळीकडून बोटभर ओल उरते. फडक्याने पुसतो. दिवसभर काही नसते. दुसऱ्या सकाळी पुन्हा असते.

थंडीमुळे असेल. तुम्ही काळजी करू नये आणि लोभात अंतर पडू देऊ नये.

तुमचा
धाकटा


दुकान,
२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

चार कारणं दिलीस. चारही पोकळ. बुटांना मी दर महिन्याला तेल लावते, कडक कसे होतील? आणि पेडलसाठी ते कधी नव्हतेच. ते सीटमागे बांधायचे बूट, हे तुझ्याएवढं कुणाला माहीत आहे?

डाग मोजून लिहिलेस. त्या मापाचे बूट कुणाचे, ते लिहिलं नाहीस. मी पलंगाखालून काढून मोजले. एकतीस आणि बारा.

पाठवू की नको? एक शब्द लिही. पण नको असेल तर खरं कारण लिही. ते कळेपर्यंत लोभाचं काही विचारू नकोस.

वहिनी


धावपट्टीवरची खोली,
९ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहिले. पहिली तीन शुद्ध होती, पण खरी नव्हती.

दादा बूट विसरला नाही. बूट मी उतरवले.

आदल्या संध्याकाळी तो चिखलबर्फातून आला आणि बूट सीटमागे बांधून घरी गेला. त्या वर्षी काटा आणि रेडिओ माझ्याकडे होता. सामान तोलायला मी विमानात चढलो, तेव्हा बुटांत हात घातला. डावा बूट आत चवड्यापर्यंत ओला होता. मला वाटले, त्याला गरज पडली तर ओले बूट काय कामाचे. मी दोरी सोडली, बूट हीटरपुढे ठेवले आणि आत कागदाचे बोळे भरले. सकाळी तो येण्याआधी परत बांधून ठेवायचे असे मनात पक्के होते.

सकाळी पलीकडून औषधांचा निरोप आला, आणि तो ठरल्या वेळेच्या तासभर आधीच निघाला. मी काट्यावर पेट्या तोलत होतो. विमानाने जमीन सोडली आणि मला बूट दिसले.

तुम्ही म्हणाल, ही चूक झाली. इथपर्यंत चूकच होती. पुढचे ऐका. धावपट्टीपासून वीस मिनिटे रेडिओवर बोलता येते. त्याने वरून हवा विचारली. मी वाऱ्याचा वेग सांगितला, दिशा सांगितली, ढग किती उंचीवर आहेत ते सांगितले. सगळे अचूक सांगितले. बूट हीटरपुढे राहिलेत, हे तीन शब्द सांगितले नाहीत. आठवड्यापूर्वीच एका पोत्याच्या वजनाचा संशय येऊन मी त्याला वाटेतून परत बोलावले होते. पोते बरोबर निघाले. सगळे हसले, आणि मास्तर म्हणाले की पुन्हा विमान फिरवलेस तर काट्यावर दुसरा माणूस बसवीन. मी म्हटले, दुपारी तर येईलच, तेव्हा दोन शिव्या खाऊ. वीस मिनिटे संपली.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. इंजिन बंद पडले, त्याने विमान ओरखडाही न पडता बर्फावर उतरवले आणि चालू लागला. निवाऱ्याची झोपडी नऊ किलोमीटरवर होती. तो सापडला तिथून ती दिसते. पायात पातळ बूट होते.

मास्तरांनी अहवालात लिहिले की वैमानिक बूट हँगरमध्ये विसरला. मी तो अहवाल वाचला आणि त्यातली फक्त एक वेलांटी दुरुस्त केली.

त्याच्या बुटांना हात लावायचा मला अधिकार नाही. लोभाविषयी काही लिहीत नाही.

धाकटा


दुकान,
१८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

बुटांचं मला माहीत होतं.

ते माझ्याकडे आले तेव्हा आत कागदाचे बोळे होते. एका बुटात सात, दुसऱ्यात सात, सगळे लिंबाएवढे. एक उलगडला तर वर्तमानपत्र आदल्या दिवशीचं. लेस गुंडाळून आत खोचलेल्या. तुझ्या दादाने जन्मात कधी बूट वाळवले नाहीत. ओले तसेच घालायचा, थंडीला शिव्या देत, आणि चालायचा. ओल्या बुटांनीही तो त्या झोपडीपर्यंत पोचला असता. हे तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण आज सगळंच लिहायचं आहे.

पहिला हिवाळाभर तुला एक ओळ लिहिली नाही. दुकानात काम फार आहे, असं नंतर कळवलं. काम काही नव्हतं. तू होऊन सांगशील म्हणून थांबले होते. बुटांच्या पहिल्या पत्रात तो विसरला असं लिहिलं तेही मुद्दाम, तू खोडून काढतोस का ते बघायला.

रेडिओचं माहीत नव्हतं. तेवढा परिच्छेद वाचला आणि पत्र मशीनवर पालथं घातलं. दोन दिवस कुणाशी बोलले नाही. चिमणीला वाटलं माझाही दात दुखतोय. तिसऱ्या दिवशी पलंगाखालून बूट काढले आणि त्यांना नवा तळवा शिवला, दुहेरी दोऱ्याने. रडायचं होतं ते आरीवर निघालं.

राग गेला असं लिहिणार नाही. थोडा आहे आणि तो राहील. पण त्या घरातला आता तूच एक उरला आहेस, आणि तू त्याच वाटेने जाणार आहेस. अधिकाराची भाषा मला ऐकवू नकोस. बूट सोबत पाठवले आहेत. पायात तुझे चामड्याचे, सीटमागे हे. ओले असले तर ओलेच बांध. विमानातून उतरवायचे नाहीत, कुणाच्याही काळजीने नाहीत.

चिमणी आता माझ्या चपला घालून चालते. आवाज वेगळा येतो.

लोभ थांबवला होता. आता पुन्हा धाडते आहे, तेवढा सांभाळ.

वहिनी


धावपट्टीवरची खोली,
४ डिसेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पहिली फेरी करून काल दुपारी परत आलो. तुम्ही सांगितले तसेच केले, एक पातळ मोजा, एक लोकरीचा. बोटे शेवटपर्यंत हलत होती. उतरताना डावे पेडल रेटले, तेव्हा त्याची कडसुद्धा चवड्याखाली कळली.

निघाल्यावर मास्तरांनी रेडिओवर विचारले की सगळे ठीक ना. मी उंची सांगितली, वारा सांगितला, आणि बूट सीटमागे आहेत हेही सांगितले. मागे शिडीवर छप्पर पाहायला चढलो तेव्हाही मास्तर हसले होते. त्यांचे हसणे मला आवाजानेच कळते. या वेळी हसले नाहीत. मग ते म्हणाले, ऐकले. मी ते आणखी दोनदा सांगितले. दोन्ही वेळा त्यांनी ऐकले म्हटले.

झोपडी दिसली. तिच्या अलीकडचे पठारही दिसले. तिथे काही नाही, नुसते पांढरे आहे.

आता एक गोष्ट लिहितो, ती तुम्ही कशी घ्याल ते कळत नाही. काल सकाळी हीटरपुढची फरशी कोरडी होती. आजही कोरडी आहे. पण फेरीहून आल्यावर, सवयच आहे म्हणून, मी सीटमागच्या बुटांत हात घातला. उजवा कोरडा होता. डावा आत चवड्यापर्यंत ओला होता. दोरीची गाठ मी मारली होती तशीच होती. दार बंद होते, टपाल कोरडे होते, काचेवर वाफ नव्हती. सगळी कारणे तपासली.

मी तो वाळवला नाही. गाठ तेवढी आणखी आवळली.

ओला बूट कोरड्यापेक्षा एकशे चाळीस ग्रॅम जड भरतो, हे मला त्या संध्याकाळपासून पाठ आहे. पुढच्या फेरीच्या वजनाच्या तक्त्यात तेवढे धरले आहे.

चिमणीस पापा. पाठवलात तो लोभ पोचला, जपून बांधून ठेवला आहे.

तुमचा
धाकटा