निघण्याआधी, मिरचीला

प्रिय मिरची,

काल तुझ्या आत्यांचा फोन आला होता. तक्रार अशी, की तू तिकडे राहायला गेल्यापासून त्यांच्या फ्रिजमध्ये पाहुण्यांच्या सरबतात घालायला बर्फाचा खडा उरत नाही. मी म्हटलं, आत्या, राग आला की मुठीत बर्फ धरायचा असं तिला समुपदेशनात शिकवलंय, तो वितळेपर्यंत पहिला जोर ओसरतो. त्या म्हणाल्या, ते माहितेय गं मला, पण हिला दिवसातून किती वेळा राग येतो ते त्या शिकवणाऱ्या बाईंना कुणी सांगितलं होतं का? आम्ही दोघी खूप हसलो. चिडू नकोस. आधी तुझ्या रागावर बशा फुटायच्या, आता नुसतं पाणी सांडतं, त्यामुळे आपण फायद्यात आहोत, हेही आत्यांचंच म्हणणं. पुढच्या महिन्यात तू परत येऊन राहिलेलं वर्ष पुरं करणार, याकडे त्यांचे डोळे लागलेत. माझेही.

इकडची खबर म्हणजे मी आता खऱ्या माणसांचे दात काढते, रबरी तोंडाच्या पुतळ्याचे नाही. पहिले पेशंट एक आजोबा होते. दात त्यांचा आणि घाम माझा. चिमट्यात दाढ धरली आणि मी डोळेच मिटले. आजोबांनी तोंडातला माझा हात बाजूला करून अगदी समजुतीनं सांगितलं, की डोळे मिटायचं काम माझं, तुम्ही उघडे ठेवा. दाढ निघाली. त्यांनी ती कागदात बांधून मागून घेतली, कशाला ते देव जाणे. आपल्या मजल्यावर तुझ्या भांडणांशिवाय सगळ्यांना कंटाळा येतो. वॉर्डनबाईसुद्धा परवा म्हणाल्या, हल्ली फार शांत आहे, काही बिघडलंय का?

आपली ओळख आठवते ना? पहिल्या वर्षी एकमेकींच्या दातांचा साचा घ्यायला बाईंनी जोड्या लावल्या आणि तू माझ्या वाट्याला आलीस. मसाला घट्ट होईपर्यंत तुला तोंड मिटता येईना की बोलता येईना, आणि न बोलण्याची सवय तर तुला जन्मात नव्हती. शेवटी तू माझं बोट कडकडून चावलीस. मी ओरडले नाही म्हणून तू मला खांब हे नाव दिलंस. खरं तर माझी दातखीळ बसली होती. दुसऱ्या दिवसापर्यंत मी जगातली सगळ्यात चांगली मुलगी झाले होते. आठवड्याच्या आत मी दुसऱ्या कुणाबरोबर तरी जेवताना दिसले आणि जगातली सगळ्यात नीच मुलगी झाले. तू पाण्याचा जग घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलीस. संध्याकाळी माझ्या खाटेवर येऊन रडलीस, आणि माझ्याच उशीला नाक पुसलंस. मी आईला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत आहे, तू खोली बदलून घे. मी बदलली नाही. याला सगळे माझा मोठेपणा म्हणतात, तो काही नव्हता. मी दारात दिसले म्हणून तुझ्याइतका आनंद आजवर कुणालाच झालेला नाही. माणसाला त्याची चटक लागते.

मग माझ्या ताईचं बाळंतपण आलं. मला आठवडाभर घरी जायचं होतं, आणि सगळ्या मजल्यानं मिळून ठरवलं, की मिरचीला सांगायचं नाही. सांगितलं तर रडारड होईल, त्यापेक्षा ती प्रॅक्टिकलला गेली की हळूच निघायचं. सगळ्यांना हे फार शहाणपणाचं वाटलं. मलाही वाटलं. तू परत आलीस तर माझी खाट रिकामी. तू माझी गादी बाहेर टाकलीस आणि परीक्षेसाठी केलेला माझा प्लास्टरचा जबडा भिंतीवर फेकून मारलास. त्यानंतरची संध्याकाळ आपल्या दोघींनाही माहीत आहे, ती इथे लिहीत नाही. तुझ्या पूर्ण बाह्यांच्या शर्टांचं कारण मला त्या दिवशी कळलं, एवढंच. शेजारच्या खोलीतली वेळेवर आत आली म्हणून बरं. तिचा फोन आला तशी मी मिळेल त्या गाडीनं परत आले, तेव्हा तू जमिनीवर बसून माझा जबडा डिंकानं जोडत होतीस, आणि घाईघाईत उजवीकडची दाढ डावीकडे लावून ठेवली होतीस. तोच जबडा मी परीक्षेत मांडला. सरांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, हा पेशंट चारा खातो का?

पण त्या दिवशी जमिनीवर बसून, वर न बघता, तू जे बोललीस ते मी विसरलेली नाही. "आई मला आत्याकडे ठेवून नोकरीच्या गावी जायची ना, ती मी झोपले की जायची. रडेन म्हणून. मला अजून झोपायची भीती वाटते, खांब. जायचं तर सांगून जा ना. रडेन मी. रडून काय मरते का कुणी?"

त्यानंतर आपण विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, शिक्का मारायची घाई नको, पण लक्षणं बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी नावाच्या विकाराची दिसतात, आणि यावर उपाय आहेत, वेळ लागतो पण माणसं सावरतात. तू म्हणालीस, बॉर्डरलाइन म्हणजे काठावर पास ना, मग माझ्या मानानं चांगलाच निकाल आहे. डॉक्टरांना हसू आवरेना. एक सत्र रजा घेताना तू कारण लपवलं नाहीस, वर्गात उभी राहून सांगितलंस. तेव्हा मला लाज वाटली होती, आता अभिमान वाटतो. त्या केंद्राबाहेर पूर्वी आपण दोघीच खुर्च्या उबवायचो. आता आधी वेळ घ्यावी लागते. आपल्या मजल्यावरच्या दोघी जातात, आणि वर्गात पहिला येणारा तो मख्ख चेहऱ्याचासुद्धा. परवा मला जिन्यात गाठून विचारत होता, की मिरची परत कधी येणार.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू येशील तेव्हा मी या खोलीत नसेन. दातांचा फिरता दवाखाना असतो ना, गाडीत एक खुर्ची आणि गावोगाव हिंडायचं, त्यावर सहा महिन्यांसाठी माझी नेमणूक झाली आहे. मला कुणी पाठवत नाहीये. नाव मीच दिलं होतं, मला जायचंय, आणि निवड झाली तेव्हा मी जिन्यात उड्या मारल्या. आत्या म्हणाल्या, ती इथून निघेपर्यंत कळवू नकोस, बिथरेल. माझी आई तेच म्हणाली. सगळा मजला तेच म्हणतोय. फोनवर सांगितलं असतं तर पहिल्या वाक्याला तू फोन आपटला असतास, म्हणून पत्र. तुला राग येईल, मी नीच होईन, होऊ दे. मला शिव्या दे, पण यायचं रद्द करू नकोस, आणि फारच जड गेलं तर आधी आत्यांना हाक मार. गाडी येत्या सोमवारी सकाळी वसतिगृहाच्या फाटकातून निघते. रविवारी दिवसभर मी खोलीवर सामान बांधत असेन. आत्यांना घेऊन ये. पोटभर भांड, पोटभर रड, आणि सकाळी मला पोचवायला फाटकापर्यंत चल. आजवर ज्यांना जायचं होतं ते सगळे तुझी पाठ वळल्यावर गेले. मला तुझ्या डोळ्यांदेखत जायचंय.

तुझीच,
खांब