पावसावर सोपवलेलं काम

२७ सप्टेंबर, शुक्रवार
नमिताला गॉलवेच्या हॉस्पिटलची ऑफर आली. फिजिओथेरपिस्ट म्हणून. गॉलवे म्हणजे आयर्लंड. पंधरा नोव्हेंबरपर्यंत उत्तर, जानेवारीत जॉइनिंग. मी लगेच अभिनंदन केलं. हसून. मी तसा पुढारलेला नवरा आहे.
जाऊ द्यायचं नाही, हे उघडच आहे. पण 'नको' म्हणायचं नाही. 'नको' म्हटलं की आयुष्यभर ऐकावं लागतं.

२८ सप्टेंबर, सकाळी, दाढी करताना
प्लॅन सुचला. तिला नोव्हेंबरात तिकडेच न्यायचं. भाड्याची गाडी, समुद्राकाठचा रस्ता, दिवसभर पाऊस. चौदा वर्षं इथे दोह्याच्या उन्हात काढलेली बाई. दुपारपर्यंत कुडकुडत स्वतःच म्हणेल, संजीव, घरी चल. मी काहीच करायचं नाही. पाऊस करेल.
तिला म्हटलं, नोकरी घ्यायची तर जागा बघून घ्यावी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जरा अपराधी वाटलं. नाश्ता झाल्यावर वाटेनासं झालं.

६ ऑक्टोबर
व्हिसाचे कागद दिले. पुण्याहून गार्गीचा फोन. लेकीला प्लॅन अर्धाच सांगितला, तिने उरलेला ओळखला. म्हणाली, "बाबा, जस्ट आस्क हर ना, तिला काय हवंय ते." होस्टेलला राहून मुलं फटकळ होतात.

१ नोव्हेंबर
व्हिसा मिळाले. हवामान पाहिलं. नेमकं ड्राइव्हच्या दिवशी मुसळधार पाऊस, सोसाट्याचा वारा, यलो वॉर्निंग. पेढे वाटावेसे वाटले.
नमिता रेनकोट मागवत होती. मला नको म्हटलं, पुण्यात वाढलेल्या माणसाला पावसाचं काय. तिने तरी दोन मागवले.
गाडी मीच चालवणार. तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, ते माझ्या रक्तात आहे. नमिता इथे अल रय्यानच्या क्लिनिकला रोज स्वतः गाडी नेते, पण ते सरळ रस्ते. वळणांचं काम वेगळं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार, गॉलवे, सकाळी
पाऊस! उत्तम पाऊस. आडवा.

८ नोव्हेंबर, थोड्या वेळाने
हॉटेलच्या गेटमधून निघालो आणि सरळ उजव्या बाजूला लागलो. समोरून ट्रॅक्टर. चौदा वर्षं दोह्यात उजवीकडून चालवून रक्त बदलत असावं. पुढे राउंडअबाउट उलटा घेतला. नमिता पेशंटशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "गाडी बाजूला घे. आणि उतर."
आता ती चालवते आहे. एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जेमतेम आपल्या जिन्याएवढा रस्ता. समोरून गाडी आली की ती थांबते, वाट देते, हात करते. समोरचाही हात करतो. तिला हे फार आवडलेलं दिसतं.
मी मॅप बघतो आहे. नेटवर्क नाही. तसाही मला निरीक्षणाला वेळ हवाच होता.

८ नोव्हेंबर, दुपारी, प्रसिद्ध कडा
कडा दिसला नाही. धुकं. समुद्र ऐकू आला फक्त. प्लॅन शंभर टक्के यशस्वी.
पण नमिता कठड्याशी उभी राहून हसत होती. केस चिकटलेले, नाक लाल. म्हणाली, किती वर्षांनी तोंडावर गार वारा घेतला. इकडे माझ्या बुटांत पाणी आणि सलग शिंका. रेनकोट डिकीत होता. तो मागणं तत्त्वात बसत नव्हतं. तिने तिची शाल माझ्या गळ्यात गुंडाळली.
थंडीचा परिणाम तिच्यावर उशिरा होणार असं दिसतं.

८ नोव्हेंबर, चार वाजता, गाडीत
एका गावातल्या चहाच्या दुकानापुढे तिने गाडी थांबवली. वायपर बंद केले. मग म्हणाली, "संजीव, मी त्यांना हो म्हणणार आहे. तू येशील का माझ्याबरोबर?"
मी 'जाऊ का?' या प्रश्नाची तयारी करून आलो होतो. हा सिलॅबसमध्येच नव्हता. म्हटलं, आधी चहा घेऊ. आणि तिच्या पुढून हात घालून हॉर्न दिला.
दोह्यात असंच चालतं. चहावाल्यापुढे गाडी लावायची, हॉर्न द्यायचा, खिडकीशी करक चहा येतो. इथे कोणी आलं नाही. आणखी दोनदा वाजवला. तेव्हा एक म्हातारी छत्री घेऊन धावत आली आणि कोणाला हार्ट अटॅक आलाय का विचारू लागली. नमिताने तिची माफी मागितली. मग दोघी एका छत्रीतून आत गेल्या. बराच वेळ आत हसत होत्या.
चहा फिकट. नमिताने पुन्हा विचारलं नाही. अशा गोष्टी घाईत बोलू नयेत. उद्या विमानात सविस्तर बोलतो.

९ नोव्हेंबर, विमान
नमिता झोपली आहे. झोपमोड बरी नाही.

१५ नोव्हेंबर
नमिताने हो कळवलं. माझं उत्तर तयार होतं आहे. मुद्दे काढले: ऑफिसचा प्रोजेक्ट, गुडघे, फिकट चहा. तिने विचारलं की लगेच सांगणार. ती विचारत नाही. हे तिचं चुकतंय.

५ जानेवारी, रविवार
तिला एअरपोर्टवर सोडलं. आत जाताना म्हणाली, रेनकोट दारामागे लावलाय, लागला तर. दोह्यात कशाला लागेल, असं म्हटलं. तिला वेगळं काहीतरी म्हणायचं होतं की काय, ते नंतर पार्किंगमध्ये सुचलं.
मार्चपर्यंत कंटाळून परत येते, बघ.

१७ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळी
दोह्यात पाऊस. अल नस्रच्या गल्लीत पाणी भरलं आणि गाडी बंद पडली. नेमकी आमच्या नेहमीच्या चहावाल्यापुढे. नमिताचा फोटो आला: गॉलवेत ऊन पडलंय.
हॉर्न दिला. दुकानातला अम्मार गुडघाभर पाण्यातून, डोक्यावर पिशवी धरून, न सांगता दोन करक घेऊन आला. शेजारची रिकामी सीट बघून त्याने विचारलं, "मॅडम?" म्हटलं, आयेगी, इन्शाल्ला. म्हणाला, "सर, उतर जाओ. पानी अंदर आ रहा है."
खरंच येतंय. रेनकोट दारामागे आहे. त्याचं लेबलही काढलेलं नाही.
उत्तर आता तयार आहे. 'येतो' असं. तिने फक्त पुन्हा एकदा विचारायला हवं.
पाऊस थांबला की उतरतो. तोवर दोन्ही करक पितो.