रोजचं उकडलेलं अंडं

वटार, शनिवार संध्याकाळ

लेख वेळेत पाठवला, पण लक्ष कशातच नाही. माझी चिमुकली पग कुत्री, बबली, गाभण आहे. डॉक्टर म्हणाले, पिल्लं मोठी दिसतात, पोट कापावं लागेल. लगेच आणलं असतं तर गर्भ राहू नये म्हणून इंजेक्शन देता आलं असतं, असंही म्हणाले.

ती माजावर होती, म्हणून पुण्याला कामासाठी जाताना शेजारी दादाकडे ठेवली. फाटक बंद ठेव, एवढंच सांगितलं होतं. पण नेमकी तेव्हाच घरोघरी फिरणाऱ्या जपमाळेची पाळी त्याच्याकडे. सगळी आळी प्रार्थनेला येणार म्हणून फाटक उघडं.

आज विचारलं तर हसला. "अगं, टायगर काय परका आहे? आपल्याच नाक्यावरचा!" टायगर म्हणजे बबलीच्या तिप्पट दांडगा कुत्रा. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "जपमाळ संपल्यावर दोघं एकत्र दिसली मला. तू चिडशील म्हणून नाय बोललो."

फाटकाचं मी विसरले असते. पण मी परतल्यापासून हा रोज संध्याकाळी बबलीसाठी उकडलेलं अंडं आणतोय, स्वतः सोलून भरवतोय. मी वहिनीला कौतुकाने म्हटलंही, दादाला लळा लागलाय. लळा कसला? त्याला सगळं माहीत होतं. तो अंडी भरवत राहिला आणि इंजेक्शनचे दिवस निघून गेले.

मघाशी पुन्हा आला. मी दार उघडलं नाही. "बरं, पायरीवर ठेवतो," म्हणाला. बबली दाराला नाक लावून कुईकुई करतेय. तिला आता खायला हवंच. पण दार उघडलं, तर तो तिथेच उभा असणार.