शालीला लागलेली कसर

माय, तुझ्या शालीला पुन्हा कसर लागली. आज सकाळी पेटी उघडून शाल उन्हात धरली, तर चाळणीतून दिसावं तसं पलीकडचं अंगण दिसलं. इतका वैताग आला म्हणून सांगू! कडुलिंबाचा पाला घातला, डांबराच्या गोळ्या घातल्या, दसऱ्यानंतरच्या कडक उन्हात पेटीसुद्धा उलथी करून वाळवली. सगळं तू करायचीस तसंच. मग हे मेले किडे माझ्याच मागे काहून?

तुझ्या हाताखाली कसरीची हिंमत नव्हती. मला तो दिवस आठवतो. त्या साली कपाशीच्या बोंडात अळी पडली होती, फवारण्या करून करून बाबा थकले होते. तू अंगणात सतरंज्या झोडपते आहेस, मी गोधड्या उलटवते आहे. बाबा गुरांच्या कोठ्यातून उरलेल्या औषधाचा डबा घेऊन येतात. "पेटीत शिंपड थोडंसं, कसरीचं नाव नाही राहणार." तू काठी खाली टाकतेस. "ज्या औषधानं बोंडातली अळी मरून नाही राह्यली, ते माह्या पेटीत कायले? लेकरं पांघरतात त्या गोधड्या! न्या ते बाहेर." बाबा डबा घेऊन परत फिरतात. मग तू माझ्याकडे वळतेस. "पाला न् गोळ्या मागून. आधी कपडा धुवा लागते. अंगाचा वास राह्यला का कसर तिथंच बसते."

आज माझ्या लेकीनं शाल हातात घेतली आणि म्हणाली, "आई, सगळी भोकं मानेजवळच आहेत. तू ही धुतली कधी?" मी तिच्यावर खेकसले. तिचं काय चुकलं? तिथेच तुझ्या केसांचं तेल लागायचं. नाक खुपसलं तर अजून तेल येतं, चुलीचा धूर येतो, तू येतेस. तू गेल्यापासून त्या शालीला पाणी लागलेलं नाही. आणि खरं सांगू, रागही येतो तुझा. कपडा कसा जपायचा ते सगळं शिकवलंस, पण धुतल्यावर हा वास कुठे ठेवायचा, ते कोणाला विचारू? अशा आणखी दोन दिवाळ्या गेल्या तर शालही उरणार नाही, एवढं मलाही कळतं.

दुपारी लेकीसमोर बादली भरली, रिठे भिजवले. संध्याकाळी ती बाहेर गेली, तसं ते पाणी अंगणात ओतून दिलं. शाल झटकली, ताजा पाला अंथरला, घडी घातली.

नाही धुतली, माय. यंदाही.